मुदतीच्या तापाचा माग

टायफॉइडला आपल्याकडच्या जुन्या बायका 'मुदतीचा ताप' म्हणत. ताप पायरीपायरीने चढू लागला, जिभेवर पांढरट थर आला, पोर ग्लानीत पडून राहू लागलं की त्या २१ दिवस मोजायला घेत. पातळ पेज, उकळून गार केलेलं पाणी, अंथरुणातून उठू द्यायचं नाही, आणि तिसरा आठवडा लागला की जिवाला घोर. प्रतिजैविकं येण्यापूर्वी या तापाच्या शंभर रुग्णांपैकी १० ते २० दगावत, आणि मोठा धोका असे तो मुदत संपत आलेली असतानाच. त्या बायकांनी जंतू कधी पाहिला नव्हता. त्याचं वेळापत्रक मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

हे वेळापत्रक अगदी खरं आहे. टायफॉइडचा जंतू शरीरात एका जागी बसत नाही. तो मुक्काम बदलत जातो आणि त्याच्या मुक्कामाप्रमाणे आजाराचं रूप बदलतं. तो आज कुठे आहे हे ओळखलं तरच तो प्रयोगशाळेत सापडतो. चुकीच्या दिवशी चुकीचा नमुना घेतला, तर जगातलं सर्वांत महागडं यंत्रही हात हलवत परत येतं.

आज चित्र कसं दिसतं? पावसाळ्यात ताप येतो. पहिल्या दिवशी घरातली उरलेली गोळी, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक, चौथ्या दिवशी लॅबमध्ये 'सगळ्या टेस्ट'. संध्याकाळी कागद येतो. त्यावर टीओ, टीएच अशी अक्षरं आणि पुढे १:८०, १:१६० असे आकडे. घरात एकच वाक्य फिरतं, 'टायफॉइड निघाला.' खरोखर निघाला का, हे त्या कागदावरून बहुतेक वेळा सांगता येत नाही. ज्या नमुन्यावरून सांगता आलं असतं तो घ्यायची वेळ तोवर निघून गेलेली असते. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी जंतू आजार कसा करतो ते पाहावं लागेल.

जंतूचा स्वभाव, आजाराची तऱ्हा

आपल्या त्वचेवर, तोंडात, आतड्यात जिवाणूंची केवढी तरी वस्ती आहे. त्यांची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास भरेल असा अंदाज आहे. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक. आजार करणारे मोजके, आणि त्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पटकीचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतसुद्धा नाही. तो आतून भिंतीला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतात. हे विष असतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. धनुर्वाताचा जंतू जखमेतच राहतो. त्याचं विष मात्र नसांमधून वर चढतं आणि दातखीळ बसते. क्षयाचा जंतू तिसऱ्याच जातीचा. त्याच्याकडे असं झटपट मारणारं विष नाही. तो फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्येच घर करतो. त्याला कोंडून ठेवण्यासाठी शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या या झटापटीत फुप्फुसच पोखरलं जातं.

तपासणीची रीत या स्वभावातूनच निघते. पटकीच्या रुग्णाच्या भाताच्या पेजेसारख्या जुलाबात दर मिलिलिटरला कोट्यवधी जंतू असतात. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी ते तुटत्या ताऱ्यांसारखे सपकन इकडून तिकडे जाताना दिसतात. क्षयाच्या जंतूला मेणासारखं जाड आवरण असतं. त्यात एकदा शिरलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी निघत नाही, म्हणून थुंकीतला तो बारीक लाल काडीसारखा ओळखू येतो. मात्र मिलिलिटरभर थुंकीत ५ ते १० हजार जंतू असतील तरच. त्याहून कमी असले तर कल्चर लावावं लागतं, म्हणजे जंतू वाढवून पाहावा लागतो, आणि हा जंतू इतक्या सावकाश वाढतो की त्याला काही आठवडे लागतात. म्हणूनच क्षयासाठी जंतूचा जनुक शोधणारी सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही यंत्रं मोलाची ठरली. त्यांच्यामुळे काही तासांत जंतू आहे की नाही हे कळतं, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का तेही.

टायफॉइडचा जंतू या सगळ्यांपेक्षा लपण्यात वाकबगार. त्याचं पूर्ण नाव साल्मोनेला टायफी. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, अंगाला शेपट्या, पोहण्यात तरबेज. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल एबर्थ यांनी १८८० मध्ये टायफॉइडने मेलेल्या रुग्णांच्या प्लीहेत तो पाहिला आणि १८८४ मध्ये गेओर्ग गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. माणूस सोडून दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात त्याचं बस्तान नाही. म्हणजे टायफॉइडचा प्रत्येक रुग्ण हा कुणा ना कुणा माणसाच्या मलमूत्रातून, पाण्यावाटे किंवा अन्नावाटे, आजारी पडलेला असतो. दुसरा मार्ग नाही.

तोंडापासून पित्ताशयापर्यंत

दूषित पाण्याचा घोट पोटात गेला की पहिला पहारा जठरातल्या आम्लाचा. बहुतेक जंतू तिथेच मरतात, म्हणून आजार व्हायला जंतूंची संख्या बरीच लागते. ज्यांच्या पोटातलं आम्ल औषधांनी कमी केलेलं असतं, त्यांना मात्र थोडेही पुरतात.

वाचलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचतात. तिथे आतड्याच्या अस्तरात लसिका ग्रंथींचे चपटे पुंजके असतात. त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात. हे शरीराचे नाकेच म्हणा. आतड्यातून जाणाऱ्या मालाचे नमुने घ्यायचे आणि संरक्षक पेशींना दाखवायचे, हे त्यांचं काम. टायफॉइडचा जंतू नेमका याच नाक्यावरून आत शिरतो. त्याच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी सूक्ष्म रचना असते. तिने तो आपली प्रथिनं आतड्याच्या पेशीत टोचतो. पेशीचं आवरण फुगून वर येतं, जंतूभोवती मिटतं आणि पेशी त्याला स्वतःहून आत घेते.

पलीकडे भक्षक पेशी टपलेल्याच असतात. जंतू गिळायचा आणि पाचक रसांनी विरघळवायचा, हा त्यांचा धर्म. टायफॉइडचा जंतू गिळला जातो, पण विरघळत नाही. ज्या पिशवीत त्याला कोंडलं तिच्यातच तो दुसऱ्या तऱ्हेची प्रथिनं सोडतो, पाचक रसांना थोपवतो आणि तिथेच वाढू लागतो. शिवाय त्याच्या अंगावर 'व्हीआय' नावाचं शर्करेचं पांघरूण असतं. ज्या खुणांवरून शरीर जंतूला ओळखतं आणि आरोळी ठोकतं, त्या खुणा या पांघरुणाखाली झाकल्या जातात. त्यामुळे सुरुवातीला ना जुलाब, ना ताप. भक्षक पेशींवर स्वार होऊन तो लसिका वाहिन्यांतून रक्तात, आणि रक्तातून यकृत, प्लीहा आणि हाडांच्या पोकळीतली मज्जा इथे जाऊन बसतो. साधारण एक ते दोन आठवडे हे सगळं गुपचूप चालतं. माणूस कामावर जात असतो, मूल शाळेत जात असतं.

संख्या पुरेशी वाढली की तो पुन्हा रक्तात उतरतो. इथून ताप सुरू होतो. जंतूच्या बाह्य आवरणातल्या द्रव्याची चाहूल लागून आपल्याच भक्षक पेशी रासायनिक निरोप सोडतात, ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत जातात आणि शरीर आपली धग वाढवतं. ताप रोज संध्याकाळी थोडा वर चढतो, सकाळी थोडा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी आणखी वरची पायरी गाठतो. एरवी तापात नाडी धावते. टायफॉइडमध्ये ती बऱ्याचदा तापाच्या मानाने संथच राहते. आपले अनुभवी डॉक्टर थर्मामीटर पाहून झाल्यावर मनगट अंमळ जास्त वेळ धरून ठेवत, ते यासाठी.

दुसऱ्या आठवड्यात प्लीहा वाढते, पोट फुगतं, रुग्ण ग्लानीत जातो. याच सुमारास यकृतातून पित्ताबरोबर जंतू पित्ताशयात आणि तिथून परत आतड्यात उतरतात. पेयरचे पुंजके पुन्हा त्यांच्या समोर येतात, पण आता शरीर जागं झालेलं असतं. त्या पुंजक्यांत जोराचा दाह होतो, वरचं अस्तर मरून गळतं आणि व्रण पडतात. तिसऱ्या आठवड्यात काही रुग्णांच्या व्रणातून रक्त जातं, तर काहींच्या आतड्याला छिद्र पडतं. मुदत संपत आली असताना माणूस का जात असे, त्याचं कारण हे. पातळ पेजेच्या पथ्यामागेही हीच भीती होती.

बरी झालेली माणसं

पित्त हे बहुतेक जिवाणूंना सोसत नाही. त्यात साबणासारखा गुण असतो, जिवाणूंची आवरणं तो सोलून काढतो. टायफॉइडच्या जंतूला मात्र पित्त मानवतं. पित्ताशयात खडे असले तर त्यांच्यावर तो थर धरून बसतो. बरे झालेल्या शंभर रुग्णांपैकी १ ते ५ जणांमध्ये तो वर्षभरापेक्षा जास्त, कधी जन्मभर राहतो. त्यांना ताप नसतो, त्रास नसतो, पण विष्ठेतून जंतू पडत राहतात.

न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. ती ज्या घरांत राबली त्यांतल्या एकामागून एक घरांत टायफॉइड निघत गेला. १९०७ मध्ये जॉर्ज सोपर या अभियंत्याने तिचा माग काढला. तिच्या विष्ठेत जंतू सापडले. आपण कधी आजारीच पडलो नाही, असं ती कळवळून सांगत राहिली, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. तीन वर्षं तिला एका बेटावर वेगळं ठेवलं, मग स्वयंपाकाचं काम करणार नाही या बोलीवर सोडलं. तिला दुसरं काम नीट येत नव्हतं, त्यात पैसाही नव्हता. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात गेली, तेही एका प्रसूती रुग्णालयाच्या. १९१५ मध्ये तिला पुन्हा पकडलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्याच बेटावर राहिली. तिला दोष देणं सोपं आहे. जंतू पकडण्याइतकीच, ज्याच्या अंगात तो सापडला त्याच्या पोटापाण्याची सोय करणं हीसुद्धा आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे, हा या हकिगतीतला धडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

बाटलीतलं रक्त

वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी एक शब्द पाठ करतात, 'बासू'. पहिल्या आठवड्यात ब्लड, दुसऱ्यात अँटिबॉडी, तिसऱ्यात स्टूल, चौथ्यात युरीन. जंतूचा प्रवास एकदा लक्षात आला की हा शब्द पाठ करावा लागत नाही.

पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात आहे, तेव्हा रक्ताचं कल्चर करायचं. पण इथे एक मोठी अडचण आहे. टायफॉइडच्या रुग्णाच्या मिलिलिटरभर रक्तात, म्हणजे साधारण वीस थेंबांत, सरासरी एकच जिवंत जंतू सापडतो. पुष्कळ रुग्णांत तोही नाही. तापाने फणफणलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं तरी काही दिसणार नाही. म्हणून कल्चरसाठी रक्त भरपूर लागतं. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर, लहान मुलाचं २ ते ४. 'एवढं रक्त कशाला काढता?' असं नातेवाईक काकुळतीने विचारतात. उत्तर एवढंच की रक्त कमी घेतलं तर त्यात जंतू कदाचित यायचाच नाही.

प्रयोगशाळेतलं काम जवळून पाहण्यासारखं असतं. दंडावरची त्वचा आधी स्पिरिटने, मग आयोडीनने पुसून ती वाळू देतात, नाहीतर त्वचेवरचेच जंतू बाटलीत उतरायचे. रक्त सुईतून थेट पोषक रसाच्या बाटलीत जातं. रस रक्ताच्या पाच ते दहा पट असतो. त्यामुळे रक्तातली जंतुनाशक द्रव्यं आणि रुग्णाने घेतलेलं औषध पातळ होतं. बाटली ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या शरीराइतक्या उबेत ठेवतात. आता तो एकटादुकटा जंतू वाढू लागतो. दर अर्ध्या तासाला दुप्पट असा हिशेब धरला तरी १५ तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. सूक्ष्मदर्शकालाही न सापडणारा जंतू रात्रीतून बाटली गढूळ करतो. मोठ्या रुग्णालयांतल्या यंत्रात बाटलीच्या बुडाशी एक ठिपका असतो. जंतूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा रंग पालटतो आणि यंत्र घंटी देतं.

जुन्या प्रयोगशाळांत टायफॉइडसाठी बैलाचं पित्त घातलेला रस वापरत. पित्तात बाकीचे जंतू माघार घेतात, हा मात्र टिकतो. ज्या गुणावर तो पित्ताशयात दडून राहतो, त्याच गुणावर तो बाटलीत पकडला जातो.

जंतू वाढल्याचं कळलं, पण कोणता? तंत्रज्ञ नायक्रोमच्या तारेचं कडं ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवतो, निववतो, आणि बाटलीतल्या रसाचा एक ठिपका तबकडीवर रेघारेघांनी पसरवतो. तबकडीत अगरची जेली असते. अगर म्हणजे आपण पुडिंगला वापरतो ते चायना ग्रास. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ आला तो फॅनी हेस या गृहिणीच्या सुचवण्यावरून. उन्हाळ्यातही तिचे जेलीचे पदार्थ वितळत नसत. या जेलीत पित्तक्षार आणि दूधशर्करा घातली की तिला मॅकॉन्की अगर म्हणतात. रात्रभर उबेत ठेवल्यावर त्यावर ठिपके उमटतात. दूधशर्करा आंबवणारा ई. कोलाय गडद गुलाबी दिसतो. टायफॉइडच्या जंतूला ती पचत नाही, त्याचे ठिपके फिके, पाण्यासारखे राहतात.

त्यातला एक फिका ठिपका उचलून तंत्रज्ञ तो तीन शर्करा आणि लोह घातलेल्या तिरक्या नळीत सुईने टोचतो. दुसऱ्या सकाळी नळीचा वरचा उतार लाल, बूड पिवळं, हवेचा बुडबुडा नाही, आणि टोचल्या जागी मिशीसारखी बारीक काळी रेघ. अनुभवी नजरेला एवढं पुरतं. तरी शेवटी प्रतिद्रव्याच्या थेंबात तो जंतू घोळून पाहतात. दुधाळ थेंब क्षणात फाटल्या दुधासारखा कणाकणाचा झाला, की शिक्का बसला.

इतकं करूनही शंभर खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६० जणांतच रक्ताचं कल्चर जंतू दाखवतं. हाडातल्या मज्जेत जंतू जास्त असतात. तिथला नमुना ८० टक्क्यांहून अधिक वेळा पकडतो, काही दिवस औषध चालू असलं तरीही. पण तो काढणं त्रासाचं असल्याने क्वचितच घेतात. क्षयात कामी आलेली जनुकीय चाचणी टायफॉइडच्या रक्तात फारशी चालत नाही, तेही रक्तात जंतू इतके थोडे असल्यामुळे. मुळात नळीत जंतूच नसेल तर त्याचा जनुक कुठून मिळणार? आणि रक्त काढण्याआधी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील, तर रक्तातले ते मोजके जंतूही वाढेनासे होतात. कल्चर निगेटिव्ह येतं, आजार मात्र आतच असतो.

विडाल काय सांगते

मग आपल्याकडे जी चाचणी सर्रास होते ती कोणती? फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ मध्ये शोधलेली. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. रुग्णाच्या रक्तातलं पिवळसर पाणी दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात आणि प्रत्येक नळीत मेलेल्या जंतूंचा द्रव घालतात. प्रतिद्रव्यं असतील तर जंतू एकमेकांना चिकटून खाली बसतात. किती पातळ केल्यावरही ते चिकटतात, तो आकडा कागदावर येतो. टीओ म्हणजे जंतूच्या आवरणाविरुद्ध, टीएच म्हणजे त्याच्या शेपटीविरुद्ध.

अडचणी दोन. प्रतिद्रव्यं बनायला वेळ लागतो. टीओची साधारण सहाव्या-आठव्या दिवशी, टीएचची त्याहूनही उशिरा. तिसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या रुग्णातही निगेटिव्ह येऊ शकते. उलट, ज्या गावात टायफॉइड कायम घुटमळत असतो तिथल्या निरोगी माणसांच्या रक्तातही जुन्या संसर्गाची थोडी प्रतिद्रव्यं असतात. साल्मोनेलाच्या भाऊबंदांमुळे, पूर्वी घेतलेल्या लशीमुळे, कधी मलेरियासारख्या दुसऱ्याच तापातही आकडा चढतो. म्हणून खरा नियम असा आहे की आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा चाचणी करावी आणि आकडा चौपट वाढला तरच त्याला अर्थ द्यावा. एकदाच काढलेल्या १:८० ला फारसा अर्थ नसतो.

याची किंमत रुग्णच मोजतो. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस हे सगळे तापानेच सुरू होतात. चुकीच्या 'टायफॉइड निघाला'ने शोध थांबतो आणि लेप्टोच्या रुग्णाची मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत कुणी दुसरीकडे पाहत नाही.

कोणतं औषध लागू पडेल

कल्चरचा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा. वाढलेला जंतू तबकडीभर पसरवून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाही, स्वच्छ वर्तुळ राहतं. पट्टी लावून ते मिलिमीटरमध्ये मोजतात. 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' म्हणतात ती हीच.

१९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि मुदतीच्या तापाची मुदतच मोडली. चार-पाच दिवसांत ताप उतरू लागला. पण १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात त्याला न जुमानणारे जंतू निघाले. नव्वदच्या दशकापर्यंत जुनी औषधं पुष्कळ ठिकाणी निकामी झाली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर भिस्त ठेवली, तेही आता भारतात बहुतेक जंतूंवर नीट चालत नाही. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या जंतूवर तर सेफ्ट्रियाक्झोनही चालत नाही. अॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची काही महागडी औषधं तेवढी उरली आहेत. साध्या सर्दीला अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या खाणारा प्रत्येक जण हे शेवटचं हत्यार बोथट करतो आहे.

नळापाशी

ज्या जंतूला माणसाखेरीज घर नाही, त्याला पाण्यातच अडवता येतं. आपल्या गावांत ग्रामपंचायतीचा पाणीवाला टाकीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो. नळाच्या पाण्यात ओटी द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून चालत नाही. गावाच्या शेवटच्या घरी करावी लागते, कारण गळकी वाहिनी वाटेत गटारातून जाते. पुष्कळ शहरांत पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं. उरलेला वेळ रिकाम्या वाहिनीत बाहेरची घाण झिरपते, आणि कुणी नळाला मोटार लावली तर ती घाण जोराने आत ओढली जाते. शेजाऱ्याच्या घरातला टायफॉइड आपल्या मोटारीमुळे झालेला असू शकतो.

लसही आहे. जंतू ज्या व्हीआय पांघरुणाखाली लपतो त्याचाच अंश धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडून ती बनवतात. त्यामुळे नऊ महिन्यांच्या बाळाचं शरीरही ते पांघरूण ओळखायला शिकतं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतल्या एक लाखाहून अधिक मुलांना ती मोहीम काढून दिली. सरकारी आरोग्य यंत्रणेने ही संयुग्म लस अशी मोहिमेतून दिल्याची जगातली ती पहिली वेळ होती. जगात टायफॉइडने दरवर्षी सुमारे ९० लाख लोक आजारी पडतात आणि लाखाहून अधिक मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ साठीचा अंदाज आहे. त्यात मुलांचा वाटा मोठा आहे. आपल्या मुलांच्या डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारा.

आणि ताप आला तर? तीन-चार दिवस ताप हटला नाही, आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहू लागले, तर एवढंच विचारा, 'आधी रक्ताचं कल्चर काढून ठेवायचं का?' रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर औषध लगेच सुरू करता येतं, अहवालासाठी थांबून राहायचं कारण नाही. अहवाल आल्यावर औषध बदलायचं तर डॉक्टर बदलतील. दिलेला कोर्स मात्र ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. तेव्हा जंतू रक्तातून गेलेला असतो, मज्जेतून आणि पित्ताशयातून गेलेला नसतो.

पहिली गोळी घेण्याआधीचं ते दहा मिलिलिटर रक्त पुन्हा मिळत नाही. ते आधी द्या, मग गोळी घ्या.